कुड्याची साल, शेंगा आणि इंद्रजव: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे सरत आला की कोकणातल्या डोंगरउतारांवर कुडा पांढराशुभ्र फुलतो. मागोमाग पाऊस येतो, विहिरींचं पाणी गढूळ होतं आणि पोटं बिघडायला लागतात. मग "आमच्या परसातल्या कुड्याची साल चालेल ना?" हा प्रश्नही येतोच. तो आणि त्याच्या आजूबाजूचे बरेच प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उत्तरं माहितीसाठी आहेत. तुमचं पोट, तुमचं वय आणि तुमची चालू औषधं बघून डोस ठरवण्याचं काम वैद्य किंवा डॉक्टरांचंच.

कुडा म्हणजे नेमकं कोणतं झाड?

औषधाचा कुडा म्हणजे पांढरा कुडा. संस्कृतात कुटज, वनस्पतिशास्त्रात होलॅऱ्हेना प्युबेसेन्स. जुन्या पुस्तकांत त्याचं नाव होलॅऱ्हेना अँटिडिसेंटेरिका असं सापडेल. हगवणीवरचं झाड म्हणून युरोपीय अभ्यासकांनी ठेवलेलं ते नाव होतं. कण्हेर, सातवीण, तगर आणि सदाफुली ह्यांच्याच कुळातला हा. ह्या कुळात औषधं भरपूर आणि विषंही भरपूर, म्हणून पुढचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

झाड फार मोठं होत नाही. कातळाच्या कडेला, काजूच्या बागेच्या बांधावर, तोडलेल्या रानात ते आपोआप उगवतं. पान कडू आणि चिकाचं असल्यामुळे गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत. म्हणूनच जिथे बाकी सगळं चरून गेलं आहे तिथे कुडा मात्र हमखास उभा दिसतो.

आमच्या गावात दोन-तीन झाडांना कुडा म्हणतात. ओळखायचं कसं?

माझ्या मते ह्या विषयातला खरा धोका इथेच आहे. कुड्याच्या सालीने कोणाला मोठा अपाय झाल्यापेक्षा "कुडा" म्हणून भलतंच घेतल्याची भीती मला जास्त वाटते. कोकणात ह्या नावाखाली निदान एवढी झाडं येतात.

पांढरा कुडा, म्हणजे आपला औषधी. पानं समोरासमोर, मोठी, लंबगोल, देठ अगदी आखूड. फुलं फांदीच्या टोकाला झुबक्याने, पांढरी, मंद वासाची, आणि फुलाच्या मध्यभागी काहीही बाहेर आलेलं नसतं. शेंगा जोडीने लागतात, वीतभर ते हातभर लांब, बारीक, अंगावर पांढुरके ठिपके. जोडीतल्या दोन्ही शेंगा टोकापर्यंत एकमेकींपासून मोकळ्या लोंबतात. साल जिभेला लावली तर कडूपणा बराच वेळ जात नाही.

काळा कुडा, म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. शेंगा ह्याच्याही जोडीने आणि लांब, पण कोवळ्या असताना त्या टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. फुलाच्या मध्यभागी झालरीसारखे तंतू आणि पुढे आलेला सुळका दिसतो. पानं चुरगळून वाळवली की काळी-निळी पडतात, कारण त्यांत निळीचा अंश असतो. ह्याच्या बियांना गोड इंद्रजव म्हणतात, पांढऱ्या कुड्याच्या बियांना कडू इंद्रजव. काळा कुडा विषारी नव्हे, त्वचेच्या तक्रारींसाठी त्याचं तेल वैद्य वापरतात. पण आवेवर जो गुण हवा तो ह्याच्या सालीत नाही. (कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी होतात ती ह्याच झाडाच्या मऊ, पांढऱ्या लाकडाची.)

नागलकुडा तिसरा. कोकणात तो मुबलक आहे, आणि फुलं पांढरी म्हणून काही जण त्यालाही "पांढरा कुडा"च म्हणतात. घोटाळा इथेच होतो. त्याचं फूल तगरीसारखं, पाकळ्या पिळलेल्या. फळं लांब शेंगा नसून आखूड, फुगीर, चोच असलेली, पिकल्यावर नारिंगी, आणि आत लाल गर. हे फळ, बी, साल किंवा चीक पोटात घ्यायचा नाही.

आणि चांदकुडा. नावात कुडा असला तरी त्याचा ह्या कुळाशी संबंध नाही. देवराईत आढळणारा हा उंच वृक्ष आहे आणि त्याच्या चिकात हृदयावर परिणाम करणारं जहाल विष असतं.

साल सोलून वाळली आणि तिची पूड झाली की ही ओळख पटवणं डोळ्यांना जमत नाही. म्हणून ओळख झाडावरच, शेंग किंवा फूल बघून करावी. दोन्ही नसेल त्या महिन्यात साल काढू नये.

घरोघरी साल कशी वापरत आले आहेत?

सगळ्यात जुनी आणि साधी रीत म्हणजे सहाणेवर ताकात साल उगाळून ते चाटण आव झालेल्या माणसाला द्यायचं. काही घरांत साल कुटून काढा करतात, काही ठिकाणी मुळाची साल घेतात. इंद्रजव भाजून त्याची पूड जंतांवर देतात. सालीच्या काढ्याने खरूज-खाज धुण्याचीही चाल आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही कुटजाचा मुख्य उपयोग अतिसार, प्रवाहिका म्हणजे आव, आणि रक्ती मूळव्याध ह्यांवरच सांगितला आहे. लोकांची रीत आणि शास्त्र इथे बरंचसं एका वाटेने चालतं.

ताक का, असंही विचारतात. कडूपणा झाकला जातो, पातळ पदार्थ पोटात जातो, आणि आजारी माणसाला ते पचतं.

पण त्यात खरोखर गुण आहे की नुसती समजूत?

गुण आहे, पण त्याला मर्यादा आहेत. सालीत कोनेसिन आणि त्याच्या जातीची बरीच अल्कलॉइडं (झाडात तयार होणारी, अंगावर जोरकस परिणाम करणारी कडू द्रव्यं) असतात, शिवाय तुरट टॅनिनं. कोनेसिन 1858 मध्ये हेन्स ह्या रसायनशास्त्रज्ञाने सालीतून वेगळं केलं. आवेच्या अमिबावर आणि हगवण लावणाऱ्या काही जिवाणूंवर सालीचा अर्क परिणाम करतो हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातले डॉक्टरही अमिबाच्या आवेवर "कुर्ची" ह्या नावाने ह्या सालीची औषधं लिहून देत असत, त्यातलं एक कुर्ची-बिस्मथ-आयोडाइड. पुढे 1960च्या दशकात मेट्रोनिडाझोल आलं. ते जास्त खात्रीचं निघालं आणि कुर्ची मागे पडली.

युरोपात ही साल त्याआधीच गेली होती, मलबारातल्या बंदराच्या नावावरून "तेलिचेरी साल" म्हणून. तिथे ती बदनाम झाली. त्याचं एक कारण असं की व्यापाऱ्यांच्या मालात काळ्या कुड्याची साल मिसळलेली असे. म्हणजे भेसळीचा हा प्रश्न निदान दोनशे वर्षं जुना आहे.

माणसांवरचे अभ्यास झाले आहेत, पण लहान. आजच्या गोळीला पर्याय म्हणून डोळे झाकून वापरावी इतका पुरावा त्यातून उभा राहत नाही. वैद्याच्या देखरेखीखाली, सौम्य किंवा रेंगाळलेल्या तक्रारीत वापरायला मात्र आधार आहे.

पावसात जुलाब सुरू झाले. आधी साल द्यायची की ओआरएस?

आधी ओआरएस, आणि नंतरही ओआरएस. जुलाबात माणूस दगावतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. साल ते भरून देत नाही. तुरट औषधाने जुलाबाच्या खेपा कमी झाल्या तर घरच्यांना वाटतं उतार पडला, आणि तोवर आत पाणी कमी होतच राहिलेलं असतं.

पुडी आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. पुडीवर लिहिलेलंच पाणी घ्या. मोठी पुडी सहसा एक लिटरची असते. अर्ध्या पाण्यात "घट्ट" करून देऊ नका, त्याने जुलाब वाढतात. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर 50 ते 100 मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200 मिलिलिटर, मोठ्यांना पोटात राहील तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा.

आणि पेज. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, पातळ पेज हे कोकणाकडे असलेलं फार चांगलं आजारपणाचं अन्न आहे. "पोटाला विश्रांती" म्हणून माणसाला उपाशी ठेवायची चाल अजून दिसते. ती सोडायला हवी. पेज, आटवल भात, ताक, केळं चालू द्या. बाळाचं अंगावरचं दूध तर अजिबात बंद करू नये.

लहान मुलांना झिंकच्या गोळ्याही 14 दिवस द्यायच्या असतात, रोज 20 मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालच्या बाळाला 10. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पुऱ्या करायच्या. हे जवळजवळ कोणीच करत नाही.

एवढं सगळं चालू असताना मोठ्या, एरवी धडधाकट माणसाने ओळखीच्या वैद्याला विचारून ताकातली साल घेतली तर माझी हरकत नाही. वेळ मात्र पाळा. दोन दिवसांत उतार नाही तर दवाखाना.

आव पडते आहे आणि रक्तही. हे तर कुड्याचंच दुखणं ना?

जुन्या ग्रंथांच्या हिशोबाने होय. आजच्या हिशोबाने शौच तपासल्याशिवाय सांगता येत नाही. रक्ती आव अमिबाने होते तशी शिगेलासारख्या जिवाणूंनीही होते, आणि दोन्हींची औषधं वेगळी. अमिबाची आव अर्धवट बरी होऊन दबून राहिली तर पुढे यकृतात गळू होऊ शकतं. थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं ही त्याची खूण. शौच तपासणी ग्रामीण रुग्णालयात होते, खर्चही फार नाही.

खाली सांगितलेलं काहीही दिसलं तर साल, काढा, कशातही वेळ घालवू नका: रक्तासोबत ताप, तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, भडाभड जुलाब, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल मलूल किंवा पाणी प्यायलाही उठत नाही, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. 108ला फोन करा.

कोकणापुरतं आणखी एक सांगायला हवं. लावणीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्या माणसाला ताप, पोटऱ्यांत दुखणं, लाल डोळे आणि त्यासोबत उलटी-जुलाब असतील तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. तिथे पोटाकडे बघत बसलं तर मूत्रपिंड हातचं जातं.

लहान मुलाला उगाळून दिली तर?

पाच वर्षांखालच्या मुलाला घरच्या घरी देऊ नका. अल्कलॉइडांचं प्रमाण झाडागणिक, सालीच्या वयागणिक बदलतं आणि सहाणेवरच्या "दोन वळशां"नी डोस मोजता येत नाही. मुलाचं वजन कमी, आणि पाणीही लवकर कमी होतं. बाळघुटीच्या पुड्यांत बाजारात इंद्रजव येतो. तो आणि ती पुडी दोन्ही बालरोगतज्ज्ञाला दाखवूनच.

गरोदरपणी आणि बाळंतिणीला?

नको. गरोदरपणी सुरक्षित असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. बाळंतिणीचं दूध "शुद्ध" करायला कुटज ग्रंथांत सांगितला आहे हे खरं, पण तो वैद्याने तपासून, इतर औषधांसोबत द्यायचा विषय आहे. शेंगांची भाजी एखाद्या वेळी चार घास खाल्ली म्हणून घाबरून जाण्याचंही कारण नाही.

व्हॉट्सॲपवर इंद्रजव, बदाम आणि भाजलेले चणे समप्रमाणात कुटून मधुमेहावर घ्यायला सांगतात. घ्यावं का?

हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. दर वेळी खाली कोणाची तरी साखर महिन्यात "नॉर्मल" झाल्याची कथा असते. इंद्रजवाच्या अर्काने प्राण्यांमध्ये साखर कमी झाल्याचे प्रयोग आहेत. माणसांत किती, किती दिवस आणि कोणत्या डोसाने, ह्याला तसा आधार नाही.

ह्यात धोके दोन, आणि ते उलट्या दिशांचे. एक, ही पूड सुरू करून माणूस गोळी किंवा इन्सुलिन बंद करतो आणि साखर गुपचूप चढत जाते. दोन, गोळीसोबत पूड घेतो, त्यात उपास करतो, आणि साखर एकदम खाली येऊन घाम, थरथर, भोवळ सुरू होते. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून, गोळी न सोडता, साखर मोजत घ्या. मला विचाराल तर त्या मिश्रणातले चणे आणि बदाम खा, इंद्रजव राहू द्या.

बाजारात इंद्रजव मागितला की कधी कडू मिळतो, कधी गोड. निरोपात "कडू" लिहिलेलं असतं आणि दुकानदार डब्यात जे असेल ते देतो, हाही भाग आहेच.

मूळव्याधीतलं रक्त थांबवायला कुडा चालतो का?

रक्ती मूळव्याधीवर कुटज हे आयुर्वेदातलं नावाजलेलं औषध आहे आणि वैद्य ते आजही देतात. माझी अट एकच: रक्त मूळव्याधीचंच आहे हे आधी कोणीतरी तपासून सांगितलेलं असावं. चाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त पडायला लागलं, वजन उतरतंय, शौचाची सवय बदलली, असं असताना घरच्या घरी मूळव्याध ठरवून सालीचा काढा पिणं म्हणजे आतड्याच्या कर्करोगाला सवड देणं.

आणि साल तुरट, बांधून धरणारी. मूळव्याधीच्या माणसाला आधीच बद्धकोष्ठ असेल तर कुंथणं वाढून त्रासच होईल.

कुटजारिष्ट, कुटज घनवटी, कुडापाक: ह्यांत फरक काय?

कुटजारिष्टात कुड्याच्या सालीसोबत मनुका, मोहाची फुलं, शिवण, धायटीची फुलं आणि गूळ असतो, आणि ते आंबवलेलं असतं. त्यामुळे त्यात आपोआप तयार झालेला थोडा अल्कोहोल असतो, बाटलीवर तसं लिहिलेलंही असतं. मोठ्यांना वैद्य सहसा 12 ते 24 मिलिलिटर तेवढ्याच पाण्यातून जेवणानंतर देतात. मधुमेह्यांनी गुळाचा आणि यकृताचा आजार असलेल्यांनी अल्कोहोलचा विचार करावा. डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल दिलं असेल तर त्या दिवसांत आणि संपल्यावर निदान तीन दिवस अरिष्टं-आसवं बंद ठेवावीत, कारण ह्या गोळ्यांसोबत अल्कोहोल टाळायला सांगितलेलं असतं. आवेच्या माणसाला दोन्ही एकदम मिळण्याची शक्यता फार, कारण गोळी डॉक्टरांनी दिलेली असते आणि बाटली शेजारच्या काकूंनी.

घनवटी म्हणजे सालीचा काढा आटवून केलेल्या गोळ्या. डोस मोजायला सोप्या, साखर नाही. कुडापाक हे गोड चाटण, त्यात साखर किंवा गूळ मुबलक.

विकत घेताना उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, तारीख आणि वनस्पतीचं पूर्ण नाव बघा. नुसतं "कुडा चूर्ण" लिहिलेली प्लास्टिकची पुडी घेऊ नका. कोणता कुडा, हे त्यातून कळत नाही.

साल जास्त झाली किंवा खूप दिवस घेतली तर काय होतं?

मळमळ, उलटी, पोटात मुरडा, तोंड कोरडं पडणं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे घट्ट बद्धकोष्ठ. शुद्ध कोनेसिन औषध म्हणून माणसांना दिलं गेलं तेव्हा झोप उडणं, चक्कर, अस्वस्थपणा अशा तक्रारी आल्या होत्या. काढ्यात ते तेवढं नसतं, पण फार कडक काढा, रोज, महिनाभर असं करत बसू नये. बरं वाटलं की बंद. "पोट साफ राहायला" म्हणून कायम घ्यायचं हे औषधच नव्हे, ह्याचा स्वभाव उलटा आहे.

झोपेच्या, मनोविकाराच्या, फेफऱ्याच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न सांगता घेऊ नका.

शेंगांची भाजी आम्ही दर पावसाळ्यात खातो. ती सुरक्षित आहे का?

हो, आणि ती खावीच. रानभाज्यांच्या जत्रेत हल्ली लोक शेवळं आणि फोडशीभोवती गर्दी करतात. कुड्याच्या शेंगांकडे कमी बघतात, ते कडूपणाच्या धास्तीने. नीट केली तर भाजी कडवट लागते, कडू नाही.

पहिली गोष्ट, शेंग कोवळी हवी. नखाने दाबली की तुटली पाहिजे. दोरा निघाला किंवा आत बी धरलेलं दिसलं तर ती सोडा. शेंगा चवळीसारख्या बारीक चिरून मिठाच्या पाण्यात उकडायच्या, ते पाणी ओतून द्यायचं, गार पाण्याने धुऊन घट्ट पिळायच्या. ज्यांना कडू सोसत नाही त्यांनी दोनदा. मग तेलावर कांदा, हिरवी मिरची, भिजवलेली चण्याची किंवा मुगाची डाळ, वर शेंगा, शेवटी एखादं आमसूल आणि ओलं खोबरं. खोबऱ्यात हात आखडता घेऊ नये.

फुलांचीही भाजी होते. फुलं निवडून, उकडून, पिळून कांद्यावर परतायची, किंवा बेसन पेरून सुकी करायची. फुलांचा मोसम मे-जूनचा, शेंगा त्यानंतर पावसात. आठवडी बाजारात जुड्या घेताना शेंगांसोबत दोन पानं आणि शक्य तर फुलाचा झुबका मागून बघा. विकणाऱ्या बाईला झाड नेमकं माहीत असतं. आपण शहरातून येऊन स्वतः तोडायला जातो तेव्हा गडबड होते.

पहिल्यांदा खाणाऱ्याने वाटीभरच खावी. ज्यांना मुळात बद्धकोष्ठ आहे त्यांनी रोज खाऊ नये.

भाजी खाल्ली की औषध घ्यायची गरज नाही, असं म्हणतात.

उकडून पाणी टाकलं म्हणजे कडू अल्कलॉइडांचा बराच भाग गेला. भाजी ही भाजीच. पावसाच्या तोंडावर कडू खावं ही कोकणी समजूत मला आवडते, पण भाजी खाल्ल्याने जंत पडतात असं मी कोणाला सांगणार नाही. जंतांसाठी शाळेत आणि अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मुलांना द्या.

चीक डोळ्यात गेला.

लगेच साध्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा, चोळू नका, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. दूध, तूप काही घालू नका. शेंगा तोडल्यावर हात साबणाने धुवायची सवय ठेवली की हा प्रसंग येत नाही.

चुकून दुसऱ्याच झाडाची साल घेतली असं वाटतंय. काय करावं?

उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. माणसाला सरळ रुग्णालयात न्या आणि त्या झाडाची फांदी, पान, फळ, उरलेली साल पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टरांना ह्याहून मोठी मदत नाही. कण्हेरीच्या कुळातली किंवा चांदकुड्याची साल असेल तर हृदयाचे ठोके मंदावू किंवा अनियमित होऊ शकतात. वर वर माणूस ठीक दिसतो आणि काही तासांनी बिघडतो, म्हणून "बघू सकाळपर्यंत" नको.

काजऱ्याची, म्हणजे कुचल्याच्या झाडाची, साल तर आणखी वाईट. तिच्यात स्ट्रिक्नीन असतं आणि अंगाला झटके येतात. शेजारच्या कर्नाटक किनाऱ्यावर आषाढ अमावास्येला पहाटेच्या अंधारात सातविणीची साल काढून तिचा रस पितात. तिथे काळोखात चुकून काजऱ्याची साल आणल्याने माणसं दगावल्याच्या घटना झालेल्या आहेत. कुड्याला अंधाराचा नियम नाही, पण घाईचा मोह सगळीकडे तोच.

साल काढायची कशी, म्हणजे झाड जगेल?

खोडाला गोल वळसा घालून साल काढली की झाड वरून वाळत जातं. गावाजवळचे जुने कुडे असे उभेच मेलेले दिसतात. घरच्या वापराला मनगटाएवढी एखादी बाजूची फांदी कोयत्याने छाटा आणि तिची साल काढा. कुडा छाटल्या जागेवरून पुन्हा फुटतो. खोडावरूनच घ्यायची तर एका बाजूची, उभी, अरुंद पट्टी, आणि त्याच झाडावर पुन्हा पुढची काही वर्षं नाही. साल सावलीत कडकडीत वाळवून, झाडाचं नाव आणि महिना लिहून हवाबंद डब्यात ठेवा. बुरशी धरलेली साल फेकून द्या, कोकणातल्या पावसाळ्यात हे हमखास होतं.

सरकारी रानातून विक्रीसाठी साल काढायला वन विभागाची परवानगी लागते.

सालीसाठी लोक साधारण उन्हाळ्यात रानात जातात. दोडामार्ग-सावंतवाडी भागात 2016पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि तो गोचिडीच्या चाव्यातून येतो. जानेवारी ते मे ह्या दिवसांत तिथल्या रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, अंगाला गोचीडरोधक तेल लावा, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे लगेच धुवा. जवळपास माकड मरून पडलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. त्यानंतर आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा.

परसात लावायचा असेल तर?

पौष-माघात शेंगा तडकतात आणि केसाळ बिया वाऱ्यावर उडतात. त्याआधी दोन-चार शेंगा कापडात बांधून ठेवा. बी ताजंच पेरा, जुनं उगवत नाही. नाहीतर जुन्या झाडाच्या मुळांवर आलेले फुटवे पावसाच्या सुरुवातीला मुळासकट काढून लावता येतात. खत-पाण्याचे लाड लागत नाहीत. विहिरीच्या काठापासून थोडं लांब लावा, पानगळीच्या दिवसांत पाण्यात पाला फार पडतो. आणि त्याच कुंपणात नागलकुडा किंवा पिवळी कण्हेर असेल तर दोघांमध्ये चांगलं अंतर राहू द्या. पुढच्या पिढीतलं कोणी साल काढायला येईल तेव्हा फांद्या एकमेकांत गुंतलेल्या नसाव्यात.